हसत मोठं व्हायची सोय

आमच्या गावच्या वाचनालयात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसतो. मालवण तालुक्यातलं, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावरचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान, वाचनालय. एक खोली, सहा कपाटं आणि डांबरगोळ्यांचा वास. मे संपत आला होता. अकरावीत जाणारी एक मुलगी कोपरे वळलेलं, दमट हवेनं फुगलेलं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. तिच्या मावशीकडे निवास-न्याहारीच्या चार खोल्या आहेत. पाहुणे जाताना चार्जर, टॉवेल, चपलेचा एखादा पाय विसरून जातात, तसं कुणीतरी हे विसरलं होतं. पानांत अजून वाळू होती. मोबाईलवर शब्द बघत बघत तिनं ते तीन आठवड्यांत संपवलं होतं.

गोष्ट तिनं मला उभ्या उभ्या सांगितली. सोळा वर्षांची मुलगी, विसराळू बाप, हट्टी आजी, धाकट्या भावाचं सारखं हरवणारं कासव. शेजारचा एक मुलगा रोज घरी येतो, पण त्याला ती आवडते की आजीच्या हातचा केक आवडतो, याचा पत्ता दोनशे पानं लागत नाही. कुणी मरत नाही. कुणाचं शिक्षण सुटत नाही. मधेच आजीबरोबर कडाक्याचं भांडण होतं आणि ते मिटतंही. सांगता सांगता ती दोनदा हसली. मग म्हणाली, "काका, असला मराठीत काय आसा?"

मी उठून कपाटापाशी गेलो आणि तिथंच उभा राहिलो. एका कपाटात पऱ्या, बिरबल, थोरांची चरित्रं, विज्ञानाचे प्रयोग. शेजारच्या कपाटापासून एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या: जमीन, दुष्काळ, फाळणी, परित्यक्ता, इतिहासातले पराक्रम. दोन्हींच्या मधे लाकडी फळी, जाडी एक इंच. तेरा वर्षांच्या मुलानं ती फळी ओलांडली की तो थेट चाळिशीत पोचतो.

पुढच्या सभेत मी सुचवलं की यंदा नव्या पुस्तकांच्या पैशांतला थोडा हिस्सा चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी हलक्याफुलक्या कादंबऱ्यांवर खर्च करू. घर, मैत्री, पहिलंवहिलं आवडणं, मोठं होणं असल्या. एक सदस्य म्हणाले, "शासनाच्या पैशातून पोरींच्या हातात प्रेमकथा द्यायच्या?" दुसरे म्हणाले, "हलकं वाचून पोरं हलकीच होणार." दोघेही वाईट माणसं नाहीत. एकानं तर वाचनालयाचं छप्पर स्वखर्चानं शाकारून दिलंय. पण दोघांचंही चुकतंय असं मला वाटतं, आणि सभेत मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. असली पुस्तकं आपल्याकडे कमी आहेत याचं एक साधं कारण असं, की हे वयच आपल्याकडे नवं आहे. सारडा कायदा १९२९ चा. त्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं आणि त्यावरही केवढा गदारोळ झाला. ते अठरावर आलं १९७८ मध्ये. म्हणजे माझ्या आजीला सोळावं वर्ष आलं तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं. परकर-पोलक्यातून ती थेट लुगड्यात गेली, मधली काही वर्षं अशी नव्हतीच. मुलग्यांचंही फार वेगळं नाही. सातवी झाली की बोटीनं मुंबई, गिरणीत नाहीतर कुणाच्या खानावळीत. 'मोठं होणं' हा प्रवास नव्हता, ती एका रात्रीत होणारी बदली होती. ज्या वयात माणूस राहतच नाही त्या वयाचं साहित्य कोण लिहिणार?

आता ते वय आहे. कोकणात तर चांगलं ठसठशीत आहे. परीक्षा मंडळाचा कोकण विभाग वेगळा झाल्यापासून दहावीच्या निकालात तो सतत राज्यात पहिला आहे. २०२४ ला ९९.०१ टक्के. शंभरातली नव्व्याण्णव मुलं दहावी पार करून पुढच्या दारात उभी आहेत, आणि त्यांच्या हातात गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांखेरीज काही द्यावं असं आपल्याला सुचलेलं नाही.

भाषेनंही या वयाला जागा दिलेली नाही. 'बालकुमार' असा जोडशब्द आपण वापरतो; त्यात बाल पुढे आणि कुमार त्याचं बोट धरून मागे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्यावर पिढ्या वाढल्या, मीही वाढलो, पण नववी-दहावीत गेलेला मुलगा ते धाकट्या बहिणीकडे सरकवतो. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे आणि युवा पुरस्कार २०११ पासून. मात्र युवा पुरस्कारात युवा असतो तो लेखक, पस्तिशीच्या आतला. वाचक युवा असावा अशी अट नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेनं या वयाच्या वाचकांसाठी वेगळा विभाग काढला १९५७ साली. तिकडचं सगळं उचलावं असं मी म्हणत नाही. त्या पुस्तकांतले नाच आणि लॉकर आपल्या पोरांना समजतात ते सिनेमामुळे. पण त्यांनी कपाटात जागा आधी केली आणि पुस्तकं मागून आली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९६७ साली तिथं अठरा वर्षांच्या एका मुलीची कादंबरी छापली गेली, जी तिनं शाळेत असतानाच लिहायला घेतली होती. कारण काय, तर तिच्या वयाच्या मुलांबद्दल जे मिळत होतं ते तिला खोटं वाटत होतं.

आता थोडं नाजूक. मोठं होण्याबद्दलचं मराठीतलं सर्वांत वाचलं गेलेलं पुस्तक कोकणातलंच आहे. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ ला छापून आलं. त्यातलं घर, पाऊस, दारिद्र्य, आईची शिस्त सगळं खरं आहे, आणि ते पुस्तक कपाटातून काढा असं म्हणणाऱ्याला मीच हाकलीन. तरीही नीट पाहिलं तर त्याची रचना काय आहे? मोठा झालेला श्याम रात्री आठवणी सांगतोय. आई गेलेली आहे. प्रत्येक खोडीला आज पश्चात्तापाची झालर आहे. श्यामनं पोहायला जायला नकार दिला, लपून बसला, याची गंमत दहा वर्षांच्या श्यामला काय वाटली असेल ते आपल्याला कळत नाही. कळतं ते मोठ्या श्यामच्या डोळ्यांतलं पाणी.

नव्वद वर्षं आपण मोठं होण्याच्या गोष्टी याच चालीवर लिहितोय. वाढणं नव्हे, वाढण्याची आठवण. सांगणारा चाळिशी-पन्नाशीत असतो, गाव सुटलेलं असतं, घर मोडकळीला आलेलं असतं, विहिरीला पाणी पूर्वीसारखं नसतं. अपवाद आहेत. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली आली, तिच्यात नववीतला मुलगा स्वतःच बोलतो आणि झक्क बोलतो. पण तीही आणीबाणीच्या काळातली. आमच्या वाचनालयात ती सतत बाहेर असते, आणि नोंदवहीत नेणाऱ्यांची नावं बघितली तर सगळे ज्येष्ठ नागरिक. त्या मुलाला आवडणारी शिरोडकर, तशी आपापली शिरोडकर आठवायला नेतात. हरकत नाही. पण सोळा वर्षांच्या माणसाला सोळाव्या वर्षाची आठवण काय कामाची? त्याला ते अजून चालू आहे. पुढच्या पानावर काय होणार हे त्याला ठाऊक नाही, आणि पुस्तकालाही ठाऊक नसावं अशी त्याची रास्त अपेक्षा आहे.

कोकणाच्या वाट्याला तर ही आठवण जरा जास्तच आली. मराठी छापील कोकण म्हणजे काय? एक तर भुताखेताचा, देवचाराचा, रात्री कण्हणाऱ्या घराचा. नाहीतर चाकरमान्याच्या उसाशाचा: लाल माती, कौलारू घर, आजीच्या हातची पेज. नाहीतर सरकारी जाहिरातीतला निळा. यातलं काहीही खोटं नाही, पण इथं आज राहणारं पोर यात बसत नाही. त्याच्या दृष्टीनं लाल माती म्हणजे पांढऱ्या युनिफॉर्मवरचा न निघणारा डाग.

आणि गंमत अशी की आम्ही लोक मुळात हसरे. तिरकस म्हणा हवं तर. दोन माणसं पारावर बसली की गजाली सुरू, आणि गजालीत तिसऱ्याचा जीव घेतल्याशिवाय चहा खाली उतरत नाही. आमचं गाऱ्हाणं पाहिलंय? देवापुढे सगळी वाडी हात जोडून उभी, गावकर सांगतोय की बा देवा म्हाराजा, या लेकरांच्या वाटेत कोण आडवो येत असात तर तेका बाजूक सार, आणि मागून सगळे ठासून "व्हय म्हाराजा!" त्यात ज्याला बाजूला सारायचं तोही रांगेत उभा राहून तितक्याच जोरात ओरडत असतो. मालवणी बोलीत नाटक चालेल का, असं विचारणाऱ्यांना 'वस्त्रहरण'नं १९८० पासून हजारो प्रयोग करून उत्तर दिलंय. रंगमंचावर आमचं हसू राज्यभर विकलं गेलं. पुस्तकात, त्यातही तरुण मुलांच्या पुस्तकात, ते का येऊ नये?

आता प्रेमकथेबद्दल. सदस्यांचा खरा आक्षेप तिथं आहे, 'हलकं' हा नुसता सभ्य शब्द.

मुलं प्रेमकथा वाचत नाहीत हा समज ज्यांचा असेल त्यांनी एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहावं. मी त्या मुलीला विचारलं, हे पुस्तक सापडायच्या आधी काय वाचायचीस? तिनं न लाजता फोन पुढे केला. कथांचं ॲप, रोज एक भाग, मराठीत. मी चार-पाच मालिका चाळल्या. नायक कोट्यधीश, कपाळावर कायम आठी, नायिकेशी त्यानं काही कारणानं कराराचं लग्न केलेलं. तो तिचा हात पिरगाळतो, तिला खोलीत कोंडतो, कुणाशी बोलली म्हणून डोळे लाल करतो, आणि साठाव्या भागात कळतं की हे सगळं प्रेम होतं. खाली शेकडो वाचकांनी बदाम टाकलेले. हे वाचायला पैसे लागत नाहीत, वाचनालयाची वर्गणी लागत नाही, कुणा काकाला तोंड दाखवावं लागत नाही.

तेव्हा प्रश्न प्रेमकथा द्यायची की नाही हा नाहीच. ती मिळालेली आहे. कोणती मिळावी यात आपला काही हात असावा की नसावा, एवढाच प्रश्न. ज्या कादंबरीत मुलगा केक खायला येतो, बोलताना अडखळतो, मुलगी एकदा "नाही" म्हणते आणि तो घरी जाऊन उशीत तोंड खुपसतो पण दुसऱ्या दिवशी तिला धड हाक मारतो, ती कादंबरी मला सार्वजनिक पैशातून विकत घ्यायची आहे. कायद्यानं अठराच्या आतलं ते मूल, आणि ते तसंच असावं. हलक्याफुलक्या गोष्टीचं बळ यातच आहे की तिला फार पुढे जायची गरज पडत नाही. बघणं, वाट बघणं, चुकीच्या माणसाला चिठ्ठी जाणं, एवढ्यावर तिचं भागतं. आणि स्पष्टच सांगतो, हे पुस्तक मुलीपेक्षा मुलग्यानं वाचण्याची गरज जास्त आहे. नकार पचवायला आमच्या मुलग्यांना शिकवतं कोण? बाप शिकवत नाही. सिनेमा तर उलटंच शिकवतो.

कुटुंबाची बाजू मला याहून मोलाची वाटते. ॲपवरच्या मालिकांत कुटुंब म्हणजे कट करणारी सासू. मोठ्यांच्या कादंबरीत कुटुंब म्हणजे पिढ्यांचा शाप. पण सोळाव्या वर्षी घर दोन्ही नसतं. ते लाज आणणारं आणि सोडवत नसलेलं, असं एकाच वेळी असतं.

अशी कादंबरी इथं घडवायची तर सामान केवढं पडलंय! मे महिन्यातलं सामायिक घर घ्या. सातबाऱ्यावर सतरा नावं, न्हाणीघर एक. मुंबईचे दोन काका, डोंबिवलीचा एक, प्रत्येकाला वाटतं की आंब्याच्या पेट्या आपल्याला कमी आल्या. आजी हातांना तेल लावून फणस फोडतेय आणि गऱ्यांबरोबर कुणाच्या कोणत्या भानगडी बाहेर काढायच्या ते ठरवतेय. परीक्षेनंतरचा हा मुलीचा पहिला मोकळा महिना, आणि तिच्या खोलीत पाच चुलत भावंडं आडवी. त्यातली मुंबईची बहीण तिला सांगते की तुझा ॲक्सेंट गावठी आहे, आणि स्वतः मात्र विहिरीवरचा रहाट बघून किंचाळते.

रेंज फक्त सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी माळावरच्या, काजूच्या झाडाखाली. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या जिल्ह्यात डोंगरावर झोपडी बांधून शिकलेली मुलगी आहे, त्यामुळे याला अतिशयोक्ती म्हणू नका. अख्ख्या वाडीची गुपितं त्या एका झाडाखाली बोलली जातात. कोण कुणाशी किती वेळ बोललं ते काजूला माहीत, आणि शेजारी गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याला.

मुलगा वडिलांबरोबर होडीवर जातो. एक जून ते एकतीस जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे प्रेमाला सवड नेमकी तेव्हा जेव्हा समुद्र खवळलेला, रस्त्यावर पाणी, आणि छत्री एकच. कॉलेजची एसटी सकाळी सातची. मुलीचा पास फुकट. तो शिकायचं सोडलेला, म्हणजे त्याला पूर्ण तिकीट. रोज तिला बघायचं तर रोज तिकीट काढायचं, आणि बोट बंद असताना ते पैसे आणायचे कुठून? शिवाय मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाल्यावर गावातल्या यच्चयावत काक्या-मावश्या बाजाराला एसटीनं निघतात. पूर्वी गाडीत त्याच्यावर दोन डोळ्यांची पाळत असायची, आता चाळीस. सरकारी निर्णयाचे परिणाम कुठवर जातात हे दाखवायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण सुचत नाही.

मग चतुर्थी. घरोघरच्या आरत्या, रात्री दोन वाजता उसळ-पाव, भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना. टाळ कुटता कुटता त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ताल चुकला, आणि तो चुकला हे बुवांनी माईकवरून सांगितलं. यावर मी एक अख्खं प्रकरण वाचीन.

इथं एक शंका रास्त आहे: हलकंफुलकं म्हणता म्हणता आपण जात गाळून टाकणार का? कोकणातल्या गावात वाड्या आहेत. भंडारवाडी, गाबीतवाडा, बौद्धवाडी, ब्राह्मणआळी, पुढे रत्नागिरीकडे मोहल्ले, जिथं बाप कुवेतला आणि घरातला प्रत्येक मोठा निर्णय व्हिडिओ कॉलवर. कुणाच्या घरी कुणाला पाणी कुठं दिलं जातं हे इथल्या पोराला बालवाडीत कळतं. ज्या कादंबरीत सगळ्यांची आडनावं सोयीस्कर एकाच गटातली असतील ती हलकी नव्हे, खोटी. पण मला उलट वाटतं की विनोदालाच हे जमेल. आजी जातीवर भाषण ऐकून घेणार नाही. तीच आजी, नातीची मैत्रीण चुलीपाशी येऊन बसते तेव्हा काय बोलावं ते न सुचून तिला तिसऱ्यांदा लाडू देते, आणि आपण घाबरलोय हे पोरीला कळलंय हे आजीलाही कळतं. ही दीड पानाची जागा आहे. ती नीट लिहिली तर वाचणारं पोर हसेल, आणि रात्री जेवताना आपल्या आजीकडे वेगळ्या नजरेनं बघेल.

बोलीचं म्हणाल तर ही मुलं एका दिवसात चार भाषा बोलतात. घरी मालवणी, वर्गात प्रमाण, पर्यटकांशी हिंदी, फोनवर रोमन लिपीतलं काहीतरी. आई "खंय होतंस?" विचारते तेव्हा उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं यावरून मुलगा खोटं बोलतोय की खरं ते तिला समजतं. ही उडी शहरात बसून लिहिणाऱ्याला पकडता येईल याची मला फारशी आशा नाही. वरून येणाऱ्या कुमारकथांत खेड्यातलं पोर एक तर शहाण्यासारखं शुद्ध बोलतं, नाहीतर प्रत्येक वाक्यात विनोदी बोलीचा नमुना सादर करतं. आणि शेवटच्या प्रकरणात कुणीतरी गुरुजी येऊन झाडं लावायला सांगतात.

'हलकं' या शब्दावर माझा सगळ्यात मोठा वाद आहे. घावन हलकं व्हायला पीठ, पाणी आणि तव्याची धग तिन्ही जमावी लागतात. जड करायला काही लागत नाही. माणसं मारली की कादंबरी आपोआप गंभीर होते. दोनशे पानं कुणालाही न मारता वाचकाला जागं ठेवणं ज्यानं करून पाहिलंय त्यालाच त्याचे कष्ट माहीत. चि. वि. जोशींना, पु. लं.ना आपण डोक्यावर घेतलं ते मोठ्यांसाठी लिहिलं म्हणून. तोच हात सोळा वर्षांच्या वाचकाकडे वळला की लगेच 'पोरकट' कसा होतो? अर्थात यात कचरा निघेल. दहांतल्या सात कादंबऱ्या गुळगुळीत असतील. मोठ्यांच्या कपाटातही तेच प्रमाण आहे, फक्त तिथं आपण त्याला प्रयोगशील म्हणतो.

प्रकाशक म्हणतात खप नाही. खरं आहे, मुलं दुकानात जाऊन मराठी कादंबरी विकत घेत नाहीत, आणि आमच्या तालुक्यात पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या-कंपासपेट्यांचं दुकान. पण म्हणूनच तर वाचनालयं आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्या कायद्याखाली राज्यभरच्या वाचनालयांना अनुदान मिळतं, आणि मराठी पुस्तकाच्या हजाराच्या आवृत्तीला आधार कुणाचा असतो तर याच कपाटांचा. आम्ही वेगळी फळी केली आणि ती रिकामी आहे असं ठणकावून सांगितलं, तर ती भरायला कुणीतरी लिहील. कोकणानं अशी सुरुवात पूर्वी केलेली आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच जिल्ह्यातल्या, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, आणि १८३२ साली 'दर्पण' निघालं तेव्हा ते वीस वर्षांचे झाले-न झाले असतील. आज तसल्या वयाच्या पोरानं कादंबरी लिहून आणली तर आम्ही त्याला आधी बारावीचे मार्क विचारू.

सभेत शेवटी तडजोड झाली. जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे ज्या फळीवर होते, आणि ज्यांना वाळवीशिवाय दहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता, ती फळी मिळाली. पैसे कमी मिळाले. खरेदीची यादी करायला दोन मुलं आणि दोन मुली बसवायच्या, ही माझी मागणी एका मतानं मान्य झाली, तेही छप्पर शाकारणाऱ्या सदस्यांच्या मतानं. त्यांची नात आठवीत आहे. मुलांनी दोन रविवार खपून अकरा पुस्तकं निवडली. त्यातली आठ भाषांतरं. उरलेल्या तिनांत कोकणातलं एकही नाही. त्या मुलीनं आपलं वाळूचं पुस्तक बारावं म्हणून दिलं, पण मधे एक वीतभर जागा मोकळी सोडून.

फळीला नाव काय द्यायचं यावर मात्र अजून वाद चालू आहे. मी 'कुमार विभाग' अशी पाटी रंगवून आणली होती. मुली म्हणाल्या, कुमार म्हणजे मुलगे, आम्ही कुठं जायचं? 'युवा' म्हटलं तर तो शब्द म्हणे पक्षांच्या बॅनरवर असतो. 'किशोर' लहान. पाटी तशीच भिंतीला टेकून उभी आहे. परवा संध्याकाळी कुलूप लावायला गेलो तर कुणीतरी फळीच्या कडेवर खडूनं लिहून ठेवलं होतं: "आधी आमका." मी ते पुसलेलं नाही.